बाळ धडधाकट आहे, तरी ऑपरेशन?

पंचवटीची आजी:
लेकीच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या फुप्फुसात फोडांसारखी गाठ दिसली. डॉक्टर तिला सीपॅम म्हणतात. आठव्या महिन्यात ती सोनोग्राफीत दिसेनाशी झाली. आता नातू तीन महिन्यांचा आहे, अंगावर छान पितो. पण सीटी स्कॅनमध्ये गाठ आहेच. इथले नाशिकचे सर्जन म्हणतात सहा महिन्यांच्या आत काढा, मुंबईचे म्हणतात थांबा. माझं मत विचाराल तर हसत्याखेळत्या लेकराच्या छातीला सुरी लावू नये.

सिडकोची सिस्टर:
आजी, त्या भागातला कफ नीट बाहेर पडत नाही. तिथे जंतू धरले की न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. मग आतलं सगळं चिकटतं आणि तेच ऑपरेशन अवघड जातं. लवकर काढलं तर उरलेलं फुप्फुस वाढून जागा भरून काढतं.

गंगापूर रोडचा बाबा:
सिस्टर, होईल तेव्हा बघू ना! बरीच मुलं वर्षानुवर्षं बिनत्रासाची राहतात. भूल, छातीत नळी, आयसीयू, हे काय फुकट असतं? सर्जन लोकांचंच एकमत नाही.

सिडकोची सिस्टर:
आणि ब्लास्टोमा, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर? फार दुर्मिळ, मान्य. पण तो कॅन्सर सीटीत हुबेहूब सीपॅमसारखा दिसू शकतो.

गंगापूर रोडचा बाबा:
झालं, काढला कॅन्सरचा विषय! असं घाबरवलं की कुणीही सही करतं.

पेठकर:
आमच्या पोरीला वेगळं होतं. फुप्फुसाच्या वरच्या पाळीत, म्हणजे वरच्या भागात, हवा शिरायची, बाहेर पडायची नाही. पाळी फुग्यासारखी फुगून बाकीचं फुप्फुस दाबायची. महिन्याची असताना दूध पिताना धाप, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांखाली खड्डा. दोनदा न्यूमोनिया म्हणून औषधं झाली. पुढे एका ठिकाणी फुप्फुसाबाहेर हवा साचली समजून नळी घालायला निघाले होते. सीटी केला म्हणून वाचली. ओठ निळे पडलेलं लेकरू घेऊन रात्री पेठहून नाशिकला येताना सावळघाट ओलांडलाय, म्हणून ‘होईल तेव्हा बघू’ मला म्हणवत नाही.

गंगापूर रोडचा बाबा:
दादा, तुमच्या पोरीला त्रास होत होता, तिचं ऑपरेशन हवंच होतं. इथे प्रश्न त्रास नसलेल्या बाळाचा आहे.

पेठकर:
हो, पण तुम्ही शहरात गंगापूर रोडला राहता, दवाखाना जवळ आहे.

पंचवटीची आजी:
लेक काढा म्हणते, जावई थांबा म्हणतात. मला अजून पटलेलं नाही. सोमवारी परत सर्जनकडे जायचंय आणि सीटीची सीडी घरात सापडत नाहीये. आधी ती शोधते.