मदत हवी आहे : स्वराज द्वीपवर मुलांना घेऊन एक दिवस

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. दिवाळीनंतर आबा आणि दोन्ही पोरांना घेऊन अंदमानला निघालोय. स्वराज द्वीपवर (पूर्वीचं हॅवलॉक) एक अख्खा दिवस गाइडसोबत काढायचाय. सकाळी बोटीनं एलिफंट बीच, जेवून थोडा आराम, मग राधानगर किनारा असं मनात आहे. त्या दिवसांत तिथं पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणजे दुपारची झोप लांबली की सगळंच हुकेल.

थोरला रंकाळ्यावर बोटीत बसलेला आहे, त्याची काळजी नाही. धाकटी चार वर्षांची, पाणी हललं की गळ्याला घट्ट मिठी मारते. तिच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथं मिळतं, की इथूनच न्यावं? आबांच्या गुडघ्यांना बोटीतली चढउतार झेपेल का? पोरांच्या कलानं घेणारा गाइड कुणाला मिळाला असेल तर कसा शोधलात, तेवढं नक्की सांगा.