अनुभव धागा: मांजरीच्या नवजात पिल्लांचे पहिले वीस दिवस तुम्ही कसे निभावलेत?

जिन्याखालची

गेल्या वर्षी ऐन आषाढात आमच्या सोसायटीच्या मीटरखोलीत एक मांजर व्याली. चार पिल्लं. सहाव्या दिवशी सकाळी ती बाहेर गेली ती परत आलीच नाही. गाडीखाली गेली, असं वॉचमनकाकांनी संध्याकाळी सांगितलं. तोवर पिल्लं दिवसभर ओल्या फरशीवर. मी त्यांना वर आणलं आणि मला सुचलं ते केलं. गाईचं दूध कोमट केलं, पाणी घातलं, कापसाचा बोळा घेऊन पाजायला बसले. सगळ्यात लहान होतं त्याला आधी घेतलं, कारण ते गारठून गप्प झालं होतं. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं. पहाटे त्याच्या नाकातून दुधाचा फेस आला आणि ते गेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नसतं, दूध तसंच साचून राहतं. आणि उताणं पाजलं की ते फुफ्फुसात जातं. मी एकाच वेळी दोन्ही केलं होतं.

चारातलं एक जगलं. यंदा त्याच मीटरखोलीत परवा रात्री दुसरी मांजर व्यालीये, तीन पिल्लं आहेत, आई शाबूत आहे. पण मला आता झोप नाही. म्हणून हा धागा. ऐकीव नको, स्वतः केलेलं लिहा. चुकलेलं असेल तर आधी ते लिहा. औषधांचे डोस मात्र कृपया इथे नकोत, १०० ग्रॅमच्या जिवाला एका थेंबाने फरक पडतो.

गोदाकाठ

मावशी, ऊब हा शब्द मी नाशिकच्या डिसेंबरात शिकलो. रद्दीवाल्याच्या पोत्यात दोन पिल्लं निघाली, नाळ अजून ओली. मी हौसेने जुना पिवळा बल्ब खोक्यात लटकवला. एकाच्या पाठीची कातडी भाजली, कारण खोकं एवढंसं आणि त्याला सरकायला जागाच नव्हती. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःची उष्णता धरून ठेवता येत नाही, हे मला माहीत होतं. नको तेवढं गरम झालं तर त्याला उठून जाताही येत नाही, हे डोक्यात आलं नाही.

नंतर जमलं ते असं: शेकायची पिशवी, तिच्यावर दुपट्याच्या दोन घड्या, आणि ती खोक्याच्या अर्ध्याच भागात. उरलेला अर्धा मोकळा. पिल्लं सरपटत आपली जागा शोधतात. एकमेकांवर चढून ढीग केला की थंडी वाजतेय, हातपाय पसरून लांब लांब पडली की उकडतंय. थर्मामीटर असेल तर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान ९५ ते ९९ फॅरनहाइट ठीक. ९५च्या खाली असेल तर दुधाची बाटली बाजूला ठेवा. आधी तासभर छातीशी धरा. सावकाश. गरम पाण्यात बुडवू नका, हेअर ड्रायर तोंडावर मारू नका.

वजनकाटा

मी केक करते, त्यामुळे घरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा होता. माझा सगळा अनुभव त्या काट्याचाच आहे.

पाच पिल्लं, आई घरचीच. दिसायला सगळी सारखी गुबगुबीत, सगळी चिकटलेली. बघून काहीही कळलं नसतं. रोज सकाळी एका वाटीत बसवून वजन घ्यायचे आणि वहीत लिहायचे, पायाला वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधून. (ही लोकर रोज बदला. पिल्लू फुगतं तशी ती आवळते. पुढच्या विणीला मी नखांना नेलपेंट लावणार होते, पण आई चाटते म्हणून तेही नको. शेवटी कानामागची केसं किंचित कातरली.) जन्मतः साधारण १०० ग्रॅम, रोज १० ते १५ ग्रॅम वाढ, आणि दोन आठवड्यांत दुप्पट, हा हिशोब.

हिरव्या लोकरीचं पिल्लू असं होतं: ९८, १०७, ११७, ११८, ११५. चौथ्या दिवशी ते इतरांइतकंच आईला चिकटलेलं होतं. नुसतं चिकटलेलं. नीट लक्ष देऊन पाहिलं तेव्हा कळलं, ते तोंडात धरून पडायचं, ओढायचं नाही. टॉर्च लावून तोंड उघडलं तर टाळूला फट. डॉक्टरांकडे धावले. ते वाचलं नाही, पण का गेलं ते मला कळलं, आणि उरलेल्या चारांवर संशय घेत बसावं लागलं नाही.

एक दिवस वजन थांबलं तर डोळा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी घटलं तर दवाखाना.

बोकोबा

+१ वजनाच्या वहीला. आमच्याकडे सोनाराचा काटा वापरला होता. सोनारकाका रोज दुकान उघडताना वाट बघायचे.

परसदार

रत्नागिरीकडचा आहे. आमच्याकडे भाटी, म्हणजे मांजरी, माळ्यावर नाहीतर लाकडांच्या रचाईत व्यायची, आणि माणसाने त्यात नाक खुपसायचं नाही हा आजीचा नियम. त्यामुळे वयाच्या पस्तिशीपर्यंत मला पिल्लांबद्दल शून्य माहिती होती.

मग चिपळूणला बदली झाली, भाड्याच्या खोलीच्या दारात कुणीतरी एक पिल्लू सोडून गेलं. डोळे मिटलेले. दवाखान्यातून मांजरपिल्लांचं पावडरीचं दूध आणलं, पालथं धरून, सिरिंजने, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी पोट लिंबासारखं टणक. सतत ओरडतंय. मला वाटलं भूक, म्हणून आणखी पाजलं. शेवटी आईला फोन केला, तिने फोन आजीकडे दिला. आजी म्हणाली, "अरे, चाटल्याशिवाय त्यांना होत नाही. भाटी दिवसभर काय करते वाटलं तुला?"

कोमट पाण्यात कापूस बुडवून, पिळून, शेपटीखाली हलकं हलकं पुसलं. मिनिटभरात माझा शर्ट भिजला. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर हा कार्यक्रम. रात्री १२, ३ आणि ६. ऑफिसात मी डुलक्या काढतो हे साहेबांना कळलं, कारणही कळलं. त्यांनी शेवटी ते पिल्लू घरी नेलं.

आजीला बोंडलं वापरू का विचारलं होतं. ती म्हणाली, बोंडल्याने माणसाचं पोरसुद्धा ठसकतं, हे तर एवढंसं. तेही बरोबरच.

नवीन पाहुणी

एक शंका. आपण हात लावला तर वासाने आई पिल्लं टाकते म्हणतात ना?

वजनकाटा

आमची टाकत नाही. रोज काट्यावर बसवून परत ठेवते, ती फक्त परत एकदा चाटून घेते. पण अनोळखी, रस्त्यावरची मांजर असेल तर सारखं डोकावलं की ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही. टाकणं वेगळं, हलवणं वेगळं. आणि आई दिसत नाही म्हणजे पिल्लं अनाथ, असंही नाही. ती खायला गेलेली असते. पिल्लं कोरडी, गरम आणि गप्प असतील तर काही तास लांबूनच पाहा.

धुळीचे डोळे

आमचं प्रकरण डोळ्यांचं. डोळे सात ते चौदा दिवसांत केव्हाही उघडतात, त्यामुळे आठव्या दिवशी मिटलेले होते याची काळजी नव्हती. पण एका पिल्लाची डावी पापणी वाटाण्यासारखी फुगली. मी म्हटलं उघडेल आपोआप. दोन दिवस थांबले. डॉक्टरांनी कोमट ओल्या कापसाने कोपऱ्यातून हळूच पापणी मोकळी केली तर आत पिवळा पू भरलेला. मिटलेल्या डोळ्यातही संसर्ग होतो हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं. मलम दिलं, दृष्टी राहिली, पण बुबुळावर एक ढगाळ ठिपका कायमचा आहे. ते दोन दिवस माझे.

आणि सासूबाईंचे ऑपरेशननंतरचे डोळ्यांचे थेंब घरात होते, तेच घालावेत असा मोह झाला होता. घातले नाहीत. त्यात स्टिरॉइड होतं; बुबुळावर जखम असती तर त्याने डोळाच गेला असता, असं नंतर कळलं.

मळ्यातला

सांगली. आमच्याकडे गोठ्यात पिसवांचं राज्य. तीन आठवड्यांची पिल्लं, एकदम मलूल झाली. हिरड्या बघितल्या तर खडूसारख्या पांढऱ्या. एवढ्याशा अंगात रक्तच किती, त्यात पन्नास पिसवा पीत बसलेल्या. शेजाऱ्याने कुत्र्याची पिसवांची पावडर आणून दिली, चांगल्या मनाने. एकाला लावली, आणि तासाभरात ते थरथरायला लागलं. कुत्र्यांच्या पिसवांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विष. धुऊन काढली, पशुवैद्यांकडे नेलं, वाचलं.

बाकीच्यांना मग साध्या भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने, मानेपासून सुरुवात करून दोन मिनिटांत धुतलं, लगेच कोरडं करून उबेत ठेवलं, आणि बारीक फणीने एकेक पिसू काढली. फिनाईलने खोकं पुसणं, जंतुनाशकाने अंघोळ घालणं, तापावरची आपली गोळी चुरून देणं, तिन्ही नको. शेवटच्याने तर मोठं मांजरही मरतं.

दुसरं सांगायचं ते आईबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून. सहा पिल्लांना पाजणारी आमची मांजर तिसऱ्या आठवड्यात धापा टाकायला लागली, पाय ताठ, अंगाला कंप. माझ्या वडिलांनी दारातूनच ओळखलं. गाय व्याल्यावर कॅल्शियम उतरून आडवी होते, तेच हे. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, अर्ध्या तासात ती उठून खोक्याकडे निघाली. पिल्लं मात्र काही दिवस तिच्यापासून लांब ठेवून वरच्या दुधावर काढावी लागली.

दूरदेशी माऊ

मी कॅलिफोर्नियात निवारागृहासाठी पिल्लं घरी सांभाळते. वसंत ते हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पिल्लांचा हंगाम, फोन आला की टोपली घ्यायची. आतापर्यंत तीसेक झाली असतील. इथे सामान सगळं मिळतं, तयार दूध, छोट्या बाटल्या, तापमान धरणाऱ्या गाद्या. तरी मरतात.

काल नीट पीत होतं, आज ढिगापासून वेगळं पडलंय, मान मागे टाकून एका सुरात रडतंय, चार तासांत संपलं. पहिल्या दोन आठवड्यांत हे सगळ्यात जास्त. कधी जन्मजात दोष, कधी संसर्ग, कधी पहिल्या दिवसाचा चीक मिळालेला नसतो. त्यातली रोगप्रतिकारद्रव्यं आतड्यातून शोषली जायला पिल्लाला जेमतेम सोळा-अठरा तास मिळतात, नंतर ते दार बंद. रस्त्यावर सापडलेल्याचं काय झालं होतं ते आपल्याला कधी कळणार?

जिन्याखालची, तुझं ते पिल्लू तू वर आणलंस तेव्हाच गारठून गप्प झालं होतं. रडणारं गार पिल्लू आणि गप्प झालेलं गार पिल्लू यांत बराच वेळ गेलेला असतो. तुझी चूक झाली, ती झाली. पण ते जगलंच असतं असं मी तरी म्हणणार नाही.

बोकोबा

फार रडवताय. थोडं चांगलं लिहितो.

पाचव्या दिवशी दुमडलेले कान सुटायला लागतात. डोळे उघडायच्या आधीच फिस्कारतात, दिसत काही नाही, राग मात्र पूर्ण. तिसऱ्या आठवड्यात चालतात, म्हणजे दारू प्यायल्यासारखे. साधारण तेव्हाच पुढचे दात टोचायला लागतात, चौथ्यात मऊ खाणं चाटतात, त्यात बसतात, त्यातच झोपतात. वाळूही शिकतात. पण आधी ती खाऊन बघतात, म्हणून ओली झाली की गोळा होणारी वाळू या वयात नको. डोळे सगळ्यांचे निळे. आमच्या बहिणीने "निळ्या डोळ्यांचं" म्हणून एक ठरवून ठेवलं होतं, दोन महिन्यांत ते पिवळट हिरवं झालं. तिने तक्रार केली.

आणि बाजीराव. पांढरा, काळा, भगवा असा तिरंगी. डॉक्टर हसले, तिरंगी म्हणजे बहुतेक मादीच असते म्हणाले. आता ती मस्तानी आहे, पण हाक बाजीराव मारली तरच येते.

गोदाकाठ

जंतांचं राहिलं. आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे घरातच वाढलेत म्हणून नाहीत असं नसतं. दोन-तीन आठवड्यांपासून डॉक्टरांना विचारून औषध. पोट मोठं आणि पाठ हाडकुळी असेल तर ते बाळसं नव्हे.

नवीन पाहुणी

लस कधी?

वजनकाटा

सहा ते आठ आठवड्यांपासून, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. रेबीजची साधारण तीन महिन्यांनी. आमच्या खालच्या मजल्यावर मांजरांच्या पार्वोने दोन महिन्यांची तिन्ही पिल्लं तीन दिवसांत गेली. उलट्या, मग पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो, साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागतं. त्यांनी दोन महिन्यांनी हौसेने नवं पिल्लू आणलं, लस न देता. पुढचं लिहीत नाही.

जिन्याखालची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दूरदेशी, तुझा चार वेळा.

इकडची खबर. दहाव्या दिवशी आई तिन्ही पिल्लं घेऊन गायब. मीटरखोली, पार्किंग, गच्ची, सगळं पालथं घातलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "माझ्या चपलांच्या कपाटात काहीतरी फिस्कारतंय." काकूंना मांजरांचं वावडं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कपाटात जुनं लुगडं अंथरलं आणि मला बजावलं की हे फक्त पाऊस थांबेपर्यंत. काटाही आता त्यांच्याकडेच आहे, कारण मांजर मला जवळ येऊ देत नाही, त्यांना देते. रोज सकाळी त्या आकडे पाठवतात, सोबत काहीच लिहीत नाहीत.

आज चौदावा दिवस. २१२, २०५, १७१. शेवटचीचं काल १६९ होतं. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, रिक्षा बोलावली आहे, तू खाली ये.