भाताच्या लोंबीत वरचे दाणे टपोरे, खालचे पोचट, हा हार्मोन्सचा खेळ आहे का?

लोंबीवाला:
एकाच लोंबीत वरचे दाणे मस्त भरतात आणि खालच्या फांद्यांवरचे अर्धवट, काही तर नुसतं टरफल. अन्न कमी पडतं म्हणावं तर पानं चांगली हिरवी असतात. मग बाहेरून सायटोकायनिन, म्हणजे पेशी विभागायला लावणारं हार्मोन, फवारलं तर खालचे भरतील का? आणि ऍबसिसिक ऍसिड हे हार्मोन वाढ थांबवतं म्हणतात, मग ते दाण्यात कशाला असतं?

बीजांकुर:
वरची फुलं आधी उमलतात, खालची मागून, त्यामुळे पंगतीत उशिरा बसल्यासारखं होतं त्यांचं. पण खरी गोम सुरुवातीच्या दिवसांत आहे. फलन झाल्यावर लगेच दाण्यात सायटोकायनिन वाढतं, तेव्हाच भ्रूणपोषाच्या (दाण्यातला स्टार्च साठवणारा भाग) पेशी भराभर विभागतात, आणि किती पेशी झाल्या त्यावर पुढे किती स्टार्च मावणार ते ठरतं. खालच्या दाण्यात सायटोकायनिन कमी असतं, शिवाय इथिलीन हे दुसरं हार्मोन जास्त. म्हणजे साखर पोचते तरी तिचा स्टार्च करणारी एन्झाइम्स मंद चालतात, म्हणून नुसती हिरवी पानं बघून काही कळत नाही.

कणीसकर:
ऍबसिसिकला उगाच व्हिलन करू नका राव. दाणा भरताना ते माफक असलं आणि इथिलीन कमी असलं तर भरणं उलट सुधारतं. भात भरताना जमीन थोडी सुकू दिली की ऍबसिसिक वाढतं आणि खोडातला साठा दाण्याकडे सरकतो, पण जास्त ताण पडला की भरण्याचा काळच आखडतो. शेवटी दाणा वाळवणं आणि झोपवणं पण त्याचंच काम, मक्याच्या काही म्युटंट्समध्ये (जीन बदललेल्या झाडांत) ते तयार होत नाही तर दाणे कणसावरच उगवतात!

बीजांकुर:
हो, आणि फवारणीचं म्हणाल तर वेळ चुकली की काही उपयोग नाही, पेशी ठरून गेल्यावर सायटोकायनिन मारून नवीन जागा होत नाही. उलट पानं उशिरापर्यंत हिरवी राहून साठा खोडातच अडकू शकतो, जास्त नत्र दिल्यावर होतं तसंच. मला तर वाणाचा रस्ता बरा वाटतो. भातात २००५ मध्ये जीएन१ए जीन सापडला, तो सायटोकायनिन तोडणारं एन्झाइम बनवतो, तो मंद असला की लोंबीत दाणे वाढतात. अर्थात दाणे वाढले म्हणजे ते सगळे भरतीलच असं नाही.

लोंबीवाला:
म्हणजे फवारायचंच असेल तर फुलोऱ्याच्या आसपास, दाणा चिकात आल्यावर नाही?

बीजांकुर:
हो, आणि तेही आधी थोड्या झाडांवर, बाजूला न फवारलेली ठेवून.