मदत हवी आहे: थरारपटाच्या ट्रेलरसाठी मोफत संगीत

रावेरचा_संकलक

नमस्कार. आमच्या गटाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक लघु थरारपट केला आहे. चित्रण संपले, संकलन झाले, आता फक्त ट्रेलर अडला आहे. ‘मोफत सस्पेन्स म्युझिक’ असे शोधले की ढीगभर तुकडे समोर येतात, ते सगळे एकाच माणसाने एकाच दुपारी वाजवल्यासारखे वाटतात, आणि त्यातून एखादा आवडलाच तर त्याच्याखाली इंग्रजीत इतक्या अटी असतात की तो खरोखर मोफत आहे की नाही हेच उमगत नाही. सोमवारी ट्रेलर विभागात दाखवायचा आहे. कृपया थेट दुवे द्यावेत, लांबलचक विवेचन नको.

भुसावळ_यार्ड

दुवे देता येतील, परंतु ट्रेलर किती लांबीचा आहे, त्यात संवाद आहेत का, आणि तो विभागापुरताच आहे की बाहेरही जाणार आहे, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. थरारपट तरी कोणता? पाठलागाचा, खुनाचा की भुताटकीचा? प्रत्येकाची चाल निराळी असते.

जुना_टेपरेकॉर्डर

विद्यार्थ्यांनी एवढी काळजी करण्याचे कारण नाही. शैक्षणिक कामाला कॉपीराइट लागू होत नाही, शिवाय ३० सेकंदांपेक्षा कमी तुकडा असेल तर कोणाचेही संगीत चालते. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत घ्यावे आणि मोकळे व्हावे. आमच्या स्नेहसंमेलनात वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे.

धुळे_न्यायालय_रस्ता

काका, क्षमस्व, परंतु ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ३० सेकंदांची सूट कुठेही नाही. कलम ५२ मध्ये शिक्षणाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला सवलत आहे, आणि संस्थेच्या कार्यक्रमात प्रेक्षक जर कर्मचारी, विद्यार्थी व त्यांचे पालक एवढ्यांपुरतेच मर्यादित असतील तर सादरीकरणालाही आहे. आपले स्नेहसंमेलन त्या छत्राखाली कदाचित बसेल. ट्रेलर इंटरनेटवर चढला की प्रेक्षक मर्यादित राहत नाहीत, आणि मग ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ हे उत्तर पुरत नाही.

रावेरचा_संकलक

ट्रेलर यूट्यूबवर नाही तर कुठे चढवणार? लांबी दीड मिनिट. संवाद अगदी मोजके आहेत, एका दूरध्वनीवरचा आवाज आणि शेवटी एक प्रश्न. कथा अशी की केळी पिकवण्याच्या शीतगृहावरचा रात्रपाळीचा रखवालदार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी आलेल्या मुलाला हळूहळू काही गोष्टी लक्षात येऊ लागतात. भूत नाही. आता तरी दुवे मिळतील का?

अमळनेर_ध्वनी

आता उत्तर देता येईल. आधी परवाना पाहावा आणि चाल नंतर ऐकावी, कारण एकदा चालीच्या प्रेमात पडल्यावर माणूस अटी नीट वाचत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी), म्हणजे कर्त्याने आपली कृती ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देण्याचे तयार परवाने; त्यांपैकी ‘सीसी झीरो’ असेल तर काहीही करा, श्रेयही बंधनकारक नाही. ‘सीसी बाय’ असेल तर योग्य श्रेय देऊन वापरा. ज्याच्या परवान्याच्या नावात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज) आहे तो तुकडा, कितीही सुंदर असला तरी, सोडून द्या. संगीत चालत्या चित्राशी जुळवणे हेच या परवान्यांत मूळ कृतीतून नवी कृती करणे मानले जाते, आणि ‘एनडी’ नेमके तेच नाकारतो. ‘एसए’ (शेअर अलाइक) घेतला तर तुमचा ट्रेलरही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो, हे गटातल्या सर्वांना मान्य आहे का ते विचारून घ्यावे.

शोधायचे कुठे, तर यूट्यूब स्टुडिओमधल्या ऑडिओ लायब्ररीपासून सुरुवात करावी. तिथे काही तुकड्यांना श्रेय लागत नाही आणि काही सीसी बाय ४.० खाली असतात. गाळणी लावून दोन्ही वेगळे करता येतात. केविन मॅक्लाऊड यांचे इन्कॉम्पिटेक हे संकेतस्थळ सीसी बायवर चालते आणि तिथे मनोभाव व वेग यांनुसार शोध घेता येतो. फ्री म्युझिक आर्काइव्हवर प्रत्येक तुकड्याचा परवाना निराळा असतो, त्यामुळे एक पाहिला म्हणजे सगळे पाहिले असे समजू नये. सुटे आवाज, म्हणजे दार, साखळी, पावले, यांसाठी फ्रीसाउंड हे संकेतस्थळ. उतरवण्यासाठी तिथे खाते उघडावे लागते.

तापीकाठची_सई

‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे अव्यापारी वापरापुरता) राहिला. विद्यार्थ्यांचा चित्रपट आहे, तिकीट लावलेले नाही, त्यामुळे ‘एनसी’ निर्धास्त घ्यावा. उत्तम संगीत बहुधा त्यातच सापडते.

धुळे_न्यायालय_रस्ता

ताई, निर्धास्त म्हणता येणार नाही. ज्या वाहिनीवर ट्रेलर चढेल तिला जाहिरातींचे उत्पन्न सुरू असेल तर? पुढे चित्रपट रोख बक्षिसाच्या स्पर्धेत गेला तर? परवान्याची भाषा ‘प्रामुख्याने व्यापारी लाभासाठी किंवा आर्थिक मोबदल्यासाठी’ अशी आहे आणि तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी ओढता येतो. सीसी बायमध्ये पुरेसे मिळत असताना हा वाद अंगावर का घ्यावा?

तापीकाठची_सई

बक्षीस मिळेल म्हणून कोणी चित्रपट काढत नाही, आणि ‘प्रामुख्याने’ या शब्दाला काही अर्थ असतोच. तरीही वाहिनीच्या उत्पन्नाचा मुद्दा मान्य आहे. वाहिनी कोणाची आहे, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

रावेरचा_संकलक

वाहिनी आमच्या छायाचित्रकाराच्या मामाची आहे, तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ असतात. हो, जाहिराती दिसतात. चित्रपट स्पर्धांनाही पाठवणार आहोत, ते तर उघडच आहे.

तापीकाठची_सई

मग ‘एनसी’ नको. हे पहिल्याच संदेशात असते तर एवढा वाद झाला नसता.

जुना_टेपरेकॉर्डर

मग जुन्या हिंदी चित्रपटांचे संगीत घ्या. साठ वर्षे उलटली की सगळे मोकळे होते.

धुळे_न्यायालय_रस्ता

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, हे बरोबर. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तबकडी १९५५ ची असली तरी संगीतकार १९९० साली वारला असेल, तर २०५० पर्यंत थांबावे लागेल. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे याच्या उलट आहे. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग १९०७ साली वारला, त्याच्या स्वररचना केव्हाच मोकळ्या झाल्या, परंतु गेल्या काही वर्षांत एखाद्या वाद्यवृंदाने त्या वाजवून मुद्रित केल्या असतील तर ते मुद्रण मोकळे नसते.

नंदुरबार_सीमा

एवढे परदेशी कशाला? आमच्याकडे पावरी, म्हणजे आदिवासींचे फुंकून वाजवायचे लोकवाद्य, वाजवणारे आहेत. रात्रीच्या दृश्यावर पावरीचा एकच लांब सूर ठेवा, अंगावर काटा येईल. कोणाचा परवानाही लागणार नाही.

अमळनेर_ध्वनी

परवाना लागतो, भाऊ. वादकाची संमती लेखी घ्यावी आणि त्याला मानधन द्यावे. लोकवाद्य असले तरी वाजवणारा हा कलावंतच असतो. शिवाय जे वाद्य लोकांच्या देवकार्यात आणि आनंदात वाजते ते केवळ भीती घालण्यासाठी वापरणे मला रुचत नाही, विशेषतः ज्या कथेचा त्या समाजाशी संबंधच नाही तिथे.

भुसावळ_यार्ड

मूळ प्रश्नाकडे येतो. सगळे तुकडे एकसारखे वाटतात, याचे कारण असे की तुम्ही दीड मिनिटासाठी अखंड एकच तुकडा शोधत आहात. ट्रेलर थरांनी बांधला जातो. तळाला घुमणारा एक सलग आवाज, त्यावर ठरावीक वेगाचा ठोका, आणि कथा वळते तिथे चढत जाणारा सूर, जो ऐन टोकाला तुटतो आणि क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तुमचा शेवटचा प्रश्न त्या निःशब्द जागेत टाका. ठोक्याचा वेग ठरवताना संकलनाचे गणित सोबत घ्या: सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम) चित्रणात मिनिटाला १२० ठोक्यांचा वेग ठेवला की एक ठोका नेमका १२ चौकटींचा होतो, २५ चौकटी असतील तर १०० चा वेग घ्या, ठोका १५ चौकटींचा होईल. मग कापणी आपोआप तालात बसते.

तळाच्या थरासाठी तर तुम्हाला इंटरनेटची गरजच नाही. ज्या शीतगृहात चित्रण केले तिथल्या कॉम्प्रेसरची घरघर मुद्रित करून आणा. तो सुरू होताना एक धक्का बसतो, मग जाड, सपाट सूर धरतो, आणि बंद पडताना ‘टक्’ असा आवाज होऊन सगळी खोली एकदम मोठी वाटू लागते. भ्रमणध्वनी यंत्राला टेकवू नका, हातभर दूर धरा आणि वाऱ्यासाठी त्यावर रुमाल गुंडाळा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली उतरतो आणि लांबी दुप्पट होते. असा तळ जगात दुसऱ्या कोणाच्याही ट्रेलरमध्ये नसेल, आणि त्यावर हक्क तुमचाच असेल.

चाळीसगाव_८८

ट्रेलरमधली अक्षरे लाल ठेवू नयेत, फार स्वस्त दिसतात. आणि इंग्रजी उपशीर्षके आवर्जून द्यावीत.

रावेरचा_संकलक

अक्षरांविषयी विचारलेले नाही. कॉम्प्रेसरची कल्पना मात्र गटाला पसंत पडली. आमचा ध्वनिमुद्रक आज रात्रीच सावद्याला जात आहे. ठोक्यासाठी सीसी बाय ४.० चा एक तुकडा निवडला आहे आणि चढता सूर फ्रीसाउंडवरचा सीसी झीरो आहे. हे करूनही यूट्यूबने कॉपीराइटचा दावा लावला तर काय करायचे?

अमळनेर_ध्वनी

लागू शकतो. माझ्या एका माहितीपटावर, मोफत म्हणून घेतलेल्या तुकड्यासाठी, मी कधी नावही न ऐकलेल्या एका वितरकाने दावा ठोकला होता. त्याच तुकड्यावर दुसऱ्या कोणी गाणे रचून ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप हक्क तपासणाऱ्या यंत्रणेत, नोंदवले होते. म्हणून तुकडा उतरवतानाच त्या पानाचे चित्र घेऊन ठेवावे, त्यात परवाना, कर्त्याचे नाव आणि तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. हरकत नोंदवताना तोच पुरावा कामी येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, त्यामुळे पुढे ते पान नाहीसे झाले तरी, अटी पाळल्या असतील तर, तुमचा वापर वैध राहतो. शक्य असल्यास आधी खासगी ठेवून चढवा, तपासणी होऊ द्या आणि मगच जाहीर करा.

रावेरचा_संकलक

श्रेय व्हिडिओच्या वर्णनात दिले तर पुरेसे आहे ना? शेवटच्या पाटीवर जागा उरलेली नाही.

तापीकाठची_सई

यूट्यूबपुरते पुरेल. स्पर्धेला जी फाइल पाठवाल तिच्यासोबत वर्णन जात नाही, त्यामुळे पाटीवर जागा करावीच लागेल. मामांच्या वाहिनीचे बोधचिन्ह थोडे लहान केले तर होईल. तुकड्याचे नाव, संगीतकाराचे नाव, परवाना आणि त्याची आवृत्ती, एवढे एका ओळीत मावते. तुम्ही तुकडा कापला असल्यामुळे ‘बदल केला आहे’ हेही लिहा, आणि परवान्याचा दुवा वर्णनात द्या.