नवी व्हिडिओ साइट दिसली की धावत सुटायचं कशाला?

खटपट्या_नाशिक: काल एका भाऊंची पोस्ट फिरत होती: 'यूट्यूब म्हातारं झालं. नव्या व्हिडिओ साइट धुंडाळा, आधी जाईल तो राजा. मराठी माणूस मात्र नेहमी उशिरा जागा होतो.' दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो. लांबलं, इलाज नाही.

आधी गेलेल्या राजांचं काय झालं ते बघा. वाइन २०१३ ला आलं, सहा सेकंदांच्या व्हिडिओंवर लोक स्टार झाले आणि २०१७ च्या जानेवारीत दुकान बंद. गूगल प्लस २०११ ते २०१९, आणि ते काही गल्लीतल्या पोरांनी काढलेलं नव्हतं. ट्विटरसारखं आपलं देशी कू २०२० ते २०२४. फेसबुकच्या आधीची सोशल साइट मायस्पेस, तिने तर २०१९ ला हात वर केले, की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतची गाणी, फोटो, व्हिडिओ गेले.

मी स्वतः एका देशी ॲपवर (नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही) किल्ल्यांच्या वाटांचे व्हिडिओ टाकायचो. हरिहरच्या पायऱ्या, भर पावसात, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भोकातून फक्त लेन्स बाहेर. एक दिवस ॲप उघडलं तर नुसता पांढरा पडदा. ना मेल, ना मेसेज. तेव्हा 'उशिरा जागा' वगैरे पालुपद दुसरीकडे लावा.

वाईकरीण: मूळ फाइल ठेवली नाहीत हा साइटचा दोष कसा? आणि २००५ ला यूट्यूबही नवखंच होतं की. पहिला व्हिडिओ कसला, तर प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहिलेला एक पोरगा. तेव्हा सगळ्यांनी तुमच्यासारखं 'बघू, टिकतंय का' म्हटलं असतं तर?

आधी जाण्याचा फायदा असतोच. २०१८ ला यूट्यूबने कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास मागायला सुरुवात केली. ज्यांनी आधी जाऊन तेवढा जम बसवला होता त्यांचं निभावलं, बाकीचे अजून उंबऱ्यावर आहेत. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणते. पिठाच्या डब्याला फोन टेकवून रेकॉर्ड करते, मधेच मांजर येतं, तेही ठेवते. यूट्यूबवर तिचे लांब व्हिडिओ आम्ही घरचेच बघायचो. तुकडे करून छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर टाकले तर पार विदर्भातून बायका कॉमेंटमध्ये आपापल्या ओव्या लिहायला लागल्या.

तिरकस_तात्या: म्हणजे ओवीचे तुकडे करून विकायचे, वर संस्कृती वाचवली म्हणायचं. छान. असली ॲप म्हणजे टिकटॉकची पिलावळ. शेतात नाचणारे आणि बाइकवर केस उडवणारे. २९ जून २०२० ला बंद झालं तेव्हा मी पेढे वाटले होते.

माणदेशी_गडी: 'शेतात नाचणारे' म्हणजे कोण हो तात्या? नीट सांगा. आमची वहिनी शेतातच नाचायची, कारण ती शेतातच असते. दिवसभर खुरपणी, अन् जेवणाच्या सुट्टीत बांधावर पाटी पालथी घालून तिच्यावर मोबाइल उभा करायची. गावात आधी हसले, मग तेच म्हातारे 'आमाला पन घे की त्यात' म्हणायला लागले. बंदी आली, खातं गेलं. तुमच्यासारखे मात्र टीव्हीसमोर बसून टाळ्या पिटत होते. बंदी चीनवर होती का आमच्यावर, हेच कळंना.

तिरकस_तात्या: भावनिक होऊ नका. गलवानमध्ये जवान गेले होते.

माणदेशी_गडी: जवान कुणाच्या घरचे होते? आमच्या गावातनं किती पोरं भरतीला जातात ते येऊन बघा. आम्हाला नका शिकवू.

वाईकरीण: तात्या, पेढे चीनसाठी वाटले का वहिनींसाठी, तेवढं सांगून टाका. आणि तीच नाचणारी मंडळी रील्सवर गेली तेव्हा तुमच्या पुण्याच्या भाच्याही तेच करू लागल्या. ते मात्र 'कंटेंट'.

तिरकस_तात्या: भाच्यांना मधे आणू नका. (करतात. माहीत आहे.)

खटपट्या_नाशिक: धागा कुठे चाललाय? मुद्दा टिकटॉकचा नव्हता. पण निघालाच आहे तर, माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? वहिनींचं सगळं एका रात्रीत गेलं.

माणदेशी_गडी: न्हाई सिद्ध झालं. बंदीनंतर दहा दिवसांच्या आत, ८ जुलैला, इन्स्टाने रील्स भारतात आणलं. सप्टेंबरात यूट्यूबचं शॉर्ट्स, तेही आधी आपल्याकडंच. मोज, जोश ही देशी ॲप तर लगेच हजर. वहिनी चारही धुंडाळून आली. जिनं आधी एक नवी जागा पाहिली होती, तिलाच दुसरी जमली. 'टिकेल का' विचारणारे अजून विचारतायत.

स्वतःचा_सर्व्हर: हे सगळं कंपन्यांच्या अंगणात खेळण्यामुळे होतं. पीअरट्यूब बघा, स्वतःची व्हिडिओ साइट चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेने केलंय, २०१८ पासून स्थिर आवृत्ती आहे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवा, दुसऱ्या सर्व्हरशी जोडा, बघणारेही व्हिडिओचे तुकडे एकमेकांना पुरवतात. मालक कुणी नाही, म्हणून कुणी बंद करू शकत नाही.

वाईकरीण: आलाच हा. मी बाकरवडीबद्दल लिहिलं तरी हा सर्व्हर घेऊन येईल.

खटपट्या_नाशिक: मालक नाही, पण सर्व्हरचं भाडं भरणारा आहे ना? त्याला कंटाळा आला, नोकरी गेली, लग्न झालं, की संपलं. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रागावून आपल्याकडची बरीच मंडळी मास्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण असंच वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं) गेली होती. त्यातली किती राहिली?

स्वतःचा_सर्व्हर: मी राहिलो.

तिरकस_तात्या: अभिनंदन. गर्दीत हरवू नका.

स्वतःचा_सर्व्हर: हसा. भाड्याचा मुद्दा मान्य, मी गेले दोन महिने ते मित्राकडून उसनं घेऊन भरतोय. पण तुमचा पांढरा पडदा माझ्याकडे दिसला नसता, कारण बंद करण्याआधी मी तुम्हाला फोन केला असता.

खटपट्या_नाशिक: हे मात्र खरंय. फोन तुम्ही नक्की केला असता, आणि तासभर सोडला नसता.

वाईकरीण: खटपट्या, शेवटचं सांगते. रोज व्हिडिओ टाकू नका, पण नव्या साइटवर निदान आपलं नाव तरी अडवून ठेवा. फुकट आहे.

खटपट्या_नाशिक: तुमच्या समाधानासाठी आत्ता दोन ठिकाणी बघून आलो. 'खटपट्या' दोन्हीकडे गेलंय. एकाने तर त्यावर मेंढ्यांचे व्हिडिओ टाकलेत. बरे आहेत.

माणदेशी_गडी: लिंक द्या. मेंढ्या कुठल्या जातीच्या, माडग्याळ का?

तिरकस_तात्या: आता हा धागा मेंढ्यांवर.