वाळू तापली तर बिघडलं कुठे?
वर कुणीतरी विचारलंय, वाळू तापली तर कासवांची पिल्लं लवकर बाहेर येतील, मग बिघडलं कुठे? अहो, ऑलिव्ह रिडलेचं (आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या समुद्री कासवाचं) पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमानच ठरवतं. साधारण ३० अंशांच्या वर माद्याच जास्त. ३५ च्या पुढे बरीचशी अंडी आतच मरतात. रत्नागिरीतल्या वेळास-आंजर्ल्याला हॅचरीवर, म्हणजे अंडी जपून ठेवायच्या कुंपणातल्या जागेवर, जाळी बांधून सावली करता येईल. पण किनाऱ्याची धूप थांबवायला दगडी बंधारे घातलेत तिथे काय? मादी रात्री वर येते, दगडांना अडते आणि अंडी न घालताच माघारी फिरते. माझ्या मते बंधाऱ्यांचा प्रश्न आधी घ्यायला हवा.