डायलिसिस योजनेत बसतं, रोजच्या गोळ्या नाहीत

दादा, वडिलांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही मिळत. योजनेत ठरलेले उपचार, ऑपरेशनं, डायलिसिस येतं. गोळ्यांसाठी सिव्हिलची ओपीडी गाठा, नाहीतर जनऔषधी केंद्रातून घ्या. खर्चात खूप फरक पडतो.

माझ्या मावशीचं डायलिसिस नाशकात आठवड्यातून तीनदा होतं, योजनेतूनच. पण दिंडोरीहून पहाटेची एसटी, सोबतीला एक माणूस, त्याचा बुडालेला रोज, हे कुठल्या योजनेत बसतं? मला तर हाच खर्च जास्त जाचतो. पहिल्या दिवशी रेशनकार्डावर नावापुढे ‘बाई’ होतं, आधारवर नव्हतं, एवढ्यावरून आम्हाला काउंटरवरून परत पाठवलं. मावशीचे पाय सुजून चप्पलसुद्धा चढत नव्हती. पिशवीतला डबा तसाच घरी आला.

म्हणून सांगते, दोन्हीकडचं नाव आधी जुळवून घ्या आणि दवाखान्यात गेल्यागेल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी तिथे बसलेल्या माणसाला, गाठा. पांढरं रेशनकार्डही आता चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या उपचाराला कुणी डिपॉझिट मागितलं तर गप्प बसू नका, १५५३८८ वर तक्रार करा.